शेवटच्या वळणावर गाडी मंदावते, रूळ पुसले तरी पुन्हा तेच

मॉडेल रेल्वे चालवणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचं आहे. कंट्रोलरजवळ इंजिन टुणटुणीत पळतं. तीन-चार मीटर पुढे गेलं की दम लागल्यासारखं होतं, डब्यांतले दिवे मिणमिणतात आणि लांबच्या वळणावर ते रांगतं किंवा उभंच राहतं. बोटाने ढकललं की चालतं. रूळ पुसले की चार दिवस बरं जातं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग पुन्हा पुसणं, पुन्हा चार दिवस.

पुसल्यावर बरं का वाटतं ते आधी लक्षात घ्या, कारण सगळी दिशाभूल तिथेच होते. कंट्रोलरपासून मोटारीपर्यंतच्या वाटेत वायर, जोड, रूळ आणि चाक असे अनेक अडथळे एकामागोमाग एक लागलेले असतात आणि प्रत्येक जण थोडं थोडं व्होल्टेज खातो. लांबच्या टोकाला इंजिन अगदी काठावरच्या व्होल्टेजवर चालत असतं. रूळ पुसले की चाकाजवळचा अडथळा कमी होतो, अर्धा व्होल्ट परत मिळतो आणि इंजिन काठाच्या अलीकडे येतं. मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो. तो बहुतेक वेळा रूळजोडात किंवा बारीक वायरीत असतो आणि तो मोजून शोधावा लागतो.

खालचे आकडे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी गेजसाठी आहेत. बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिमी नॅरोगेजचं मॉडेल ९ मिमी रुळावर करणाऱ्यांनाही पद्धत हीच. त्यांच्या छोट्या इंजिनांना करंट उचलणारी चाकं कमी असतात, त्यामुळे त्यांनी आकडे आणखी कडक धरावेत.

आधी घड्याळ बघा

मीटर हातात घेण्याआधी दोष केव्हा येतो ते चार-पाच दिवस लिहून ठेवा. सकाळी, दुपारी, कडूसं पडल्यावर, वीज गेल्यानंतर इन्व्हर्टरवर: प्रत्येक वेळी एकच इंजिन, एकाच खुणेवर कंट्रोलर ठेवून. एवढ्यानेच निम्मा शोध होतो.

संध्याकाळी सगळा लेआउट (टेबलावर मांडलेली पूर्ण मॉडेल रेल्वे) सारखाच मंदावत असेल, म्हणजे कंट्रोलरजवळसुद्धा, तर रुळांना हात लावू नका. दोष घराच्या विजेच्या बाजूला आहे. रब्बीत हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं, मोटारी लागल्या की गावाकडे २३० चे १८० व्होल्ट होणं नवीन नाही. तुमचा पॉवर पॅक जुन्या पद्धतीचा, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला जड ठोकळा असेल, तर तो आलेल्या व्होल्टेजच्या प्रमाणातच पुढे देतो. २३० वर जो १६ व्होल्ट एसी देतो, तो १८० वर साडेबाराच देणार. त्यातून डायोड आपला वाटा घेणार. उपाय सरळ आहे: इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस (मोबाइल चार्जरच्या जातीचा हलका अडॅप्टर) वापरा. तो १६० व्होल्टवरही आउटपुट तेवढंच ठेवतो. डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) वापरत असाल आणि तिचं कमांड स्टेशन डीसी इनपुटवर चालत असेल, तर त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा एसएमपीएस घ्या. व्होल्टेज मात्र पुस्तिकेत लिहिलंय तेच.

फक्त इन्व्हर्टरवर मंदावत असेल तर कारण वेगळं आहे आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षात येत नाही. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मीटरवर २३० दाखवतो, पण त्याच्या लाटेचं टोक साइन वेव्हइतकं उंच नसतं. साइन वेव्हमध्ये २३० व्होल्टचं टोक सुमारे ३२५ ला असतं, निव्वळ चौकोनी लाटेत ते २३० लाच. ट्रान्सफॉर्मरनंतर डायोड आणि कपॅसिटर असलेला पॅक टोकापर्यंत भरतो. म्हणून १६ व्होल्ट एसीतून मेनवर कपॅसिटरला सुमारे २१ व्होल्ट डीसी मिळतात आणि चौकोनी लाटेवर १४-१५. जवळजवळ एकतृतीयांश व्होल्टेज तिथेच गेलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतोही. अशा इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा पॅक तासन्‌तास चालवू नये. इथेही एसएमपीएस किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. नॉर्मलवर वीज जाताना मध्ये इतका खंड पडतो की डीसीसी कमांड स्टेशन रीसेट होतं आणि सगळ्या गाड्या एकदम थांबतात. यूपीएसवर ठेवलं की खंड कमी होतो. पण यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. साधारण १८० च्या खाली तो बॅटरीवर उडी मारतो आणि ज्या गावात संध्याकाळभर व्होल्टेज पडलेलं असतं तिथे बॅटरी रिकामी होत राहते. गाव बघून ठरवा.

दुपारीच शॉर्ट दाखवत असेल आणि सकाळी सगळं ठीक असेल, तर तो उन्हाचा दोष आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्या भागात तो फार त्रास देतो.

एकच इंजिन अडत असेल आणि बाकीची त्याच जागेवरून जात असतील, तर चाकं आणि करंट उचलणाऱ्या पट्ट्या साफ करा. लेआउट सोडून द्या.

यांतलं काहीच नाही, दिवसाच्या कुठल्याही वेळी ठरावीक भागातच मंदावतं, असं असेल तर पुढे वाचा.

मोजायचं ते लोड टाकून

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मीटर रुळाला लावतात, जवळ १२ आणि लांबही १२ दाखवतो, म्हणून वायरिंग चांगलं समजतात. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. करंट वाहिल्याशिवाय अडथळ्यावर व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे सडलेला जोडही रिकाम्या मीटरला निर्दोष दिसतो. इंजिनाइतका भार टाकूनच मोजायला हवं.

भार म्हणून गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. कुठल्याही गॅरेजवाल्याकडे मिळतो. तो १.७५ अँपिअर ओढतो, म्हणजे दोन-तीन इंजिनांइतका. तुमचा पॅक एकच अँपिअरचा असेल तर दुचाकीच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब चालेल, तो पाऊण अँपिअरच्या थोडा वर ओढतो. होल्डरला दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. बल्ब भाजण्याइतका तापतो. तो प्लास्टिकच्या स्लीपरवर, भुशाच्या गवतावर टेकवून ठेवू नका.

डीसीसी असेल तर साधा मीटर त्यावर खरं सांगत नाही. डीसीसीची लाट सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि स्वस्त मीटरची एसी रेंज घरच्या ५० हर्ट्झसाठी बनलेली असते. म्हणून तपासणीपुरतं डीसीवर यायचं. क्रम असा: कमांड स्टेशनच्या दोन्ही वायरी रुळापासून पूर्ण काढा. सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे उचलून बाजूला ठेवा. पॉइंटचे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या फाट्यांचे) डिकोडर, ऑटो-रिव्हर्सर (परतीच्या वेटोळ्यात रुळाची जोडणी आपोआप उलटवणारं यंत्र) सुटे करा. मग त्याच वायरींना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर जोडा. एलईडी पट्ट्यांना किंवा सीसीटीव्हीला वापरतात तोच. २ अँपिअरचा घेऊ नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतं, छोटा अडॅप्टर शॉर्ट समजून बंद होतो आणि बल्ब नुसता लुकलुकत राहतो.

आता तीन मोजमापं घ्या. पहिलं, बल्ब न लावता अडॅप्टरच्या टोकांवर. दुसरं, बल्ब सगळ्यात लांबच्या जागी रुळाला लावून पुन्हा अडॅप्टरच्या टोकांवर. यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला तर अडॅप्टरच कमकुवत आहे, तो बदलून पुन्हा सुरुवात करा. तिसरं, बल्ब जिथे लावलाय तिथेच, रुळाच्या डोक्यावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे तुमचं वायरिंग खात असलेलं व्होल्टेज. अर्धा व्होल्ट असेल तर काम उत्तम झालंय. एकपर्यंत चालतं. दीडच्या वर गेलं की दोष शोधायलाच हवा. तीन-चार व्होल्ट गेलेले लेआउटही वरून अगदी देखणे असतात.

बल्ब तिथेच ठेवा आणि मीटर २ व्होल्टच्या किंवा मिलिव्होल्टच्या रेंजवर घ्या. आता दोन्ही काड्या एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे दोन सेंटीमीटर आणि पलीकडे दोन सेंटीमीटर. चांगला जोड १० ते २० मिलिव्होल्ट दाखवेल, त्यातला निम्मा तर रुळाचाच. ५० च्या वर संशय घ्या. १५०-२०० दिसले की चोर सापडला. एका जोडापासून सुरुवात करून शेवटपर्यंत सगळे मोजा आणि आकडे पेन्सिलने प्लायवर लिहा. एक जोड सापडला म्हणून थांबू नका. एकाच वेळी आणि एकाच हाताने टाकलेले जोड बहुधा सोबतच सैल होतात. डावा आणि उजवा, दोन्ही रूळ मोजा.

एक जागा सुटते: वायर ज्या स्क्रूखाली दाबली आहे ती. कनेक्टर पट्टीच्या अलीकडे-पलीकडेही काड्या लावा. बारीक तारांच्या वायरीचं टोक नुसतं पिळून स्क्रूखाली घातलेलं असतं, वर्षभरात तारा चपट्या होतात आणि पकड सैल पडते. तिथे १०० मिलिव्होल्ट सापडणं नेहमीचं आहे.

हे होतं का

पहिलं कारण म्हणजे रूळ हा वायरीच्या तोडीचा वाहक नाही. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. त्याचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १७ पट असतो. कोड १०० चा, म्हणजे सुमारे अडीच मिमी उंचीचा, एक रूळ मीटरला साधारण ०.१ ते ०.१५ ओहम रोध देतो. गाडी कंट्रोलरपासून ५ मीटर अंतरावर असेल तर करंटला जाऊन-येऊन १० मीटर रूळ पार करायचा असतो, म्हणजे १ ते १.५ ओहम. एका अँपिअरला एक ते दीड व्होल्ट नुसत्या रुळात गेला, जोड अगदी नवे असले तरीही. त्याऐवजी १.५ चौरस मिमी तांब्याची वायर मीटरला ०.०१३ ओहमच देते. म्हणजे दहापट कमी.

दुसरं कारण रूळजोड. तो पातळ पत्र्याचा, दोन-तीन ठिकाणी टेकणारा. त्याचं मुख्य काम रूळ एका रेषेत ठेवणं. करंट नेणं हे त्याच्यावर लादलेलं काम आहे. आपल्याकडे त्यात फुफाटा जातो. माळवदाच्या घरात छतातून माती झडतच असते, जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू हवेत असतात आणि ते तेलकट रुळाला चिकटतात. त्यात बॅलास्ट, म्हणजे रुळाखालची खडी, बसवताना ओतलेला पातळ फेव्हिकॉल जोडात शिरला की आत पडदाच तयार होतो. असा जोड वरून स्वच्छ दिसतो.

खरी रेल्वेसुद्धा फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीवर, विसंबत नाही. स्टेशनच्या यार्डात जिथे ट्रॅक सर्किट (रुळातून करंट सोडून गाडी आहे का ते ओळखणारी व्यवस्था) असतं तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाला जोडलेली बाँड वायर दिसते. सिग्नलचा करंट फिशप्लेटच्या भरवशावर सोडत नाहीत म्हणूनच ती असते. परभणीला किंवा पूर्णेला गाडीची वाट बघताना रुळाच्या कडेला नीट पाहा.

दुरुस्ती: बस आणि फीडर

खराब जोड पकडीने दाबून घट्ट केला तर महिनाभर चालेल. कायमचा इलाज म्हणजे जोडावरचं करंट नेण्याचं काम काढून घेणं. लेआउटच्या खालून जाड वायरीची जोडी न्यायची, तिला बस म्हणू, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून बारीक वायरीची जोडी वर आणायची, ते फीडर.

वायर कोणती? १.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड, दुकानात "दीड एमएम" म्हटलं की देतात. डीसीसीला ५ अँपिअरचा बूस्टर (रुळाला करंट पुरवणारा भाग) असेल किंवा बस ८ मीटरच्या पुढे जात असेल तर "अडीच एमएम". हिशेब करून बघा: ६ मीटर बस, जाऊन-येऊन १२ मीटर, करंट ३ अँपिअर. ०.७५ च्या वायरीत ०.९ व्होल्ट जातो, १.५ मध्ये जवळपास अर्धा, २.५ मध्ये ०.३. दर मीटरमागे पडणारा पैशांचा फरक किरकोळ आहे, इथे काटकसर करू नका. फीडरला "चौदा-छत्तीस" वायर घ्या, म्हणजे ३६ गेजच्या १४ तारा, साधारण ०.४ चौरस मिमी. ती २५-३० सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवायची नाही. एवढ्याशा लांबीत बारीक वायर चालते. बसला मात्र चौदा-छत्तीस कधीही नाही. बस जुन्या मापात घ्यायचीच असेल तर किमान "चाळीस-छत्तीस", आणि तीसुद्धा १.२ चौरस मिमीच्या आतच असते.

घेताना टोक ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. स्पीकरची स्वस्त वायर पुष्कळदा तशीच असते. तिचा रोध दीडपटीहून जास्त, स्क्रूखाली तुटते आणि सोल्डर नीट धरत नाही.

५ मीटर बाय १.२ मीटरच्या टेबलावर एक साधा फेरा असेल तर रूळ सुमारे ११ मीटर होतो, म्हणजे ९१ सेंटीमीटरचे १२ तुकडे. त्याला फीडरच्या १२ जोड्या लागतात, चौदा-छत्तीस वायर ६ मीटर, सांडलवंड धरून ८ घ्या. कंट्रोलर लांब बाजूच्या मधोमध ठेवा आणि बस तिथून दोन्हीकडे न्या, प्रत्येकी ६ मीटर. लाल १२ मीटर, काळी १२ मीटर. दोन्ही फांद्यांची टोकं पलीकडे एकमेकांना जोडू नका, मोकळी टेप करून ठेवा. पुढे दोष शोधताना एक फांदी सोडवून अर्धा लेआउट वेगळा करता येतो, आणि डीसीसीतही वेटोळं न केलेली बसच बरी. हिरवी वायर वापरू नका, घरात ती अर्थिंगची असते. घरगुती तीन पिनचे सॉकेट-प्लग रुळाच्या वायरीला लावू नका. पाहुणा किंवा लेकरू तो प्लग थेट २३० मध्ये घालेल.

फीडर रुळाला बाहेरच्या बाजूने, रुळाच्या कमरेला सोल्डर करा. आतल्या बाजूने केलात तर चाकाची कड आपटेल. सोल्डरची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) ६० वॅटची, चपट्या टोकाची. लोक भीतीने २५ वॅटची घेतात आणि तिथेच स्लीपर वितळवतात: लहान इस्त्री रूळ तापवायला दहा-पंधरा सेकंद घेते, तोवर उष्णता रुळातून पसरते. मोठी इस्त्री दोन-तीन सेकंदांत काम करून बाजूला होते. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा. रुळाची जागा कानशीने चमकवा, वायरीचं टोक आधी सोल्डरने भिजवा, मग टेकवा. फ्लक्स राळेचाच. पत्रा किंवा रेडिएटर जोडायचं आम्लाचं फ्लक्स वापरलं तर सहा महिन्यांत हिरवा चट्टा येतो आणि वायर तुटते. थंड झाल्यावर वायर ओढून पाहा. सोल्डर मळकट, दाणेदार दिसलं तर ते ड्राय सोल्डर आहे, पुन्हा करा.

खाली फीडर बसला जोडताना बसचं इन्सुलेशन एक सेंटीमीटर सोला, फीडर तिला चार वेढे द्या आणि सोल्डर करा. उताणं झोपून सोल्डर करताना डोळ्यांवर चष्मा हवा. नको असेल तर कनेक्टर पट्टी चालेल, फक्त तारांच्या टोकाला थिंबल दाबा. स्क्रूखाली घालायच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो.

लाल फीडर कायम एकाच रुळाला. एक जरी उलटा गेला तरी पूर्ण शॉर्ट. प्रत्येक जोडी लावल्यावर मीटरच्या बझरने लाल-काळ्यामध्ये शॉर्ट नाही ना ते लगेच बघा. बारा जोडल्यावर शोधण्यापेक्षा हे फार सोपं.

दुपारचा शॉर्ट

लेआउटचे भाग वेगळे करायला, पॉइंटच्या फ्रॉगपुढे (फ्रॉग म्हणजे पॉइंटमधले दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा) किंवा परतीच्या वेटोळ्याला, रुळात खाच पाडलेली असते. कटिंग डिस्कने पाडलेली खाच अर्धा मिलिमीटरची. आता हिशेब बघा. निकेल सिल्व्हर एका अंशाला मीटरमागे सुमारे १६ मायक्रोमीटर वाढतं. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत टाकलेला रूळ मेच्या दुपारी पत्र्याखाली ४५ अंशांवर जातो. ३३ अंशांचा फरक, ९१ सेंटीमीटरचा रूळ: वाढ जवळजवळ अर्धा मिलिमीटर. शेजारचे जोड आधीच टेकलेले असतील तर ही वाढ खाचेकडेच सरकते. खाच मिटते, दोन भाग एकमेकांना चिकटतात आणि बूस्टर ट्रिप होतो. संध्याकाळी गार झालं की आपोआप बरं. त्यात कोरड्या हवेत लाकडी चौकट आकसते, म्हणजे रूळ वाढतोय आणि खालचा पाया लहान होतोय.

ओळखायला सोपं आहे. शॉर्ट असतानाच प्रत्येक खाचेत ब्लेडचं पातं घालून पाहा. जिथे जात नाही तीच. किंवा ओल्या फडक्याने एकेका खाचेजवळचा रूळ गार करा, शॉर्ट जाईल त्या जागी दोष.

उपाय: खाच डिस्कने पुन्हा एक मिलिमीटर करा, त्यात प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा तुकडा अरल्डाइटने बसवा, वाळल्यावर रुळाच्या आकारात कानसून घ्या. नुसती मोकळी खाच ठेवायची नाही. नव्या रुळासाठी प्लास्टिकचे इन्सुलेटेड जोडच घाला. बाकीच्या साध्या जोडांत टाकतानाच सांध ठेवा: थंडीत रूळ टाकत असाल तर पाऊण ते एक मिलिमीटर, मेमध्ये टाकत असाल तर जवळपास टेकवून. सगळे जोड सोल्डर करून टाकायचा मोह होतो, तो आवरा. वळणावर दोन तुकडे एकत्र सोल्डर करणं ठीक, पण सरळ रुळावर जोड मोकळा राहिला पाहिजे. प्रत्येक तुकड्याला फीडर असल्यावर त्या जोडातून करंट जाण्याची गरजच उरत नाही. म्हणूनही फीडरचं काम आधी.

पॉइंट पाडताच झटका बसत असेल

पॉइंट पाडला की इंजिन क्षणभर अडखळतं किंवा डीसीसी रीसेट होतं, तेव्हा बघा पॉइंटची सोलेनॉइड मोटार रुळाच्याच सप्लायवर आहे का. ती क्षणभर तीन-चार अँपिअर ओढते. तिला वेगळा १६ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर डिस्चार्ज युनिट द्या, कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा. त्यावर २५ नव्हे, ३५ व्होल्ट लिहिलेलं हवं: १६ व्होल्ट एसीचं टोक साडेबावीसला असतं आणि रात्री उशिरा मेन २५० ला चढलं की ते २४ च्या पुढे जातं. या युनिटचा आणखी एक मोठा फायदा आहे. बटण अडकलं तरी कॉइल जळत नाही.

इलेक्ट्रोफ्रॉग, म्हणजे वीज वाहणारा धातूचा फ्रॉग असलेल्या, पॉइंटवरून जाताना इंजिन फ्रॉगवर मरत असेल तर फ्रॉगला वीज पात्यांच्या टेकण्यातूनच मिळते आहे आणि तिथे धूळ बसली आहे. पातं पुसणं तात्पुरतं. मोटारीला मायक्रोस्विच लावा आणि फ्रॉगला स्वतंत्र वायर द्या. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जोड असलेच पाहिजेत, नाहीतर पलीकडचा फीडर आणि फ्रॉग भिडतात.

रूळ पुसायचे कसे

पुसणं लागतंच, फक्त कारण पकडल्यानंतर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि चिकट थर मागे राहतो. बोअरचं पाणीही नको, क्षार पांढरे बसतात. सँडपेपर तर मुळीच नाही: त्याच्या ओरखड्यांत धूळ बसते, चाकाखाली बारीक ठिणग्या उडतात आणि काळा थर आधीपेक्षा लवकर जमतो. चाकं विसरू नका. रूळ चकाचक करून काळ्या चाकांचे दहा डबे फिरवले की एका फेरीत सगळं पुन्हा रुळावर.

शेवटची चाचणी, नाण्याची

डीसीसी पुन्हा जोडा, सगळं जागेवर आणा. पाच रुपयांचं पिवळं नाणं घ्या आणि ते दोन्ही रुळांवर आडवं टेकवा. बूस्टर त्याच क्षणी ट्रिप झाला पाहिजे. दोन सेकंदांत झाला नाही तर नाणं उचला, धरून ठेवू नका. बूस्टर ५ अँपिअरचा आणि व्होल्टेज १५ असेल, आणि त्या जागेपर्यंतच्या वाटेत ३ ओहमपेक्षा जास्त रोध असेल, तर शॉर्ट झाला तरी करंट ५ ला पोहोचत नाही. बूस्टरला ते चालू असलेलं इंजिनच वाटतं आणि ६०-७० वॅटची उष्णता कुठल्यातरी एका जोडात निघत राहते. घसरलेल्या डब्याचं चाक, स्लीपर, वायर वितळतात ते असे.

ही चाचणी दर मीटरला, प्रत्येक सायडिंगच्या टोकाला आणि प्रत्येक पॉइंटच्या दोन्ही फाट्यांवर करा. जिथे ट्रिप होणार नाही तिथे फीडर कमी आहे किंवा निसटला आहे. तिथे खाली जाऊन वायर ओढून पाहा, मग बल्ब लावून पुन्हा मोजा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आसपास, म्हणजे तापमान बदललं की, हीच फेरी पुन्हा मारा आणि प्लायवर लिहिलेल्या जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. २० चा जोड ६० वर गेलेला दिसला तर गाडी अडखळायच्या आधीच तो हाती लागेल.